जिताड्याच्या पिल्लाचा पहिला घास



अलिबागच्या खारेपाटात जिताडा माशाचं नाव निघालं,
की आपण आपल्या जेवणाबद्दल बोलतो.
आज जिताड्याच्या जेवणाबद्दल बोलू या.

शहापूर-धेरंडकडच्या तळ्यांत
खाडीतून पकडलेली पिल्लं सोडायची जुनी रीत.
पुढे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं
१९९७ साली हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, जिताड्याचं बीज तयार केलं.

तिथे अंड्यातून निघालेलं पिल्लू
तांदळाच्या कणीएवढंही नसतं.
पहिले दोनेक दिवस
ते पोटाखालच्या बलकावर जगतं.
मग तोंड उघडतं.

त्या तोंडात कोरडं खाद्य मावत नाही.
मावलं, तरी कोवळ्या पोटाला पचत नाही.
त्याला हवा हलता, जिवंत घास.

आधी देतात रोटिफर.
हा जीव नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो.
मग येते आर्टेमिया, कोळंबीची दूरची भावकी.

पण नुसतं पोट भरून भागत नाही.
माशाच्या तेलात डीएचए नावाचा स्निग्ध घटक असतो.
पिल्लाचे डोळे आणि मेंदू त्यावर घडतात.
तो कमी पडला, तर पिल्लू अशक्त राहतं.
जरा हाताळलं, तरी दगावतं.

आर्टेमियात तो जवळजवळ नसतोच.
म्हणून आधी आर्टेमियाला माशाचं तेल चारतात.
आणि मग ती आर्टेमिया पिल्लाला!

पुन्हा सांगते.
घास तोंडात मावणारा हवा,
जिवंत हवा,
आणि सकस हवा.

पुढे कोरड्या खाद्याची सवय हळूहळू लावतात.
याच वयात थोरलं पिल्लू धाकट्याला गिळतं.
म्हणून बीज घेताना
पिल्लं एकसारखी आहेत ना, ते पाहा.
आणि ती कोरडं खाद्य खाताहेत ना,
ते समोर टाकायला लावून पाहा.