डहाणूचा किनारा आणि वारल्यांचे डहाणू

(सुवर्णमहोत्सवी वर्षात सेक्टर ४३ येथे भरलेल्या मंडळाच्या सभेतील भाषण)



आज आम्ही समुद्रकाठच्या एका गावाविषयी बोलणार, हे कळल्यावर काही स्नेह्यांनी विनोदाने विचारले की, सुखना तलावाच्या काठी राहणाऱ्यांस समुद्राचे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु या भाषणाचे निमित्त येथेच, सेक्टर ४३ मधील आमच्या सरकारी निवासस्थानात घडले. आमच्या बैठकीच्या खोलीत वारली चित्रांचे पडदे आहेत. शेजारच्या सरदारजींनी एकदा ते निरखून विचारले, "ये नाचनेवाले लोग कौन हैं, भाईसाहब?" आम्ही "हमारे यहाँ के आदिवासी" एवढे बोलून थांबलो. पुढे काय सांगावे, ते सुचेना. वास्तविक आमचे आजोळ डहाणूचे. लहानपणची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी आम्ही तेथे घालविली आहे.

त्या सुट्ट्यांचे डहाणू आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. सुरूचे बन, ओहोटीला दूरवर मागे जाणारे पाणी, बोर्डीपर्यंतचा किनारा, इराणी व पारशी मंडळींच्या चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. आजोबांच्या दारी रोज सकाळी एक बाई ताडगोळे घेऊन येत असे. तिला सारे घर 'वारलीण' म्हणे. तिचे नाव काय, हे आम्ही कधी विचारले नाही.

गाव मात्र फार जुने. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. ज्या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली, त्यांत दमणा आणि तापी यांच्याबरोबर 'डाहणुका' हे नाव येते. पुढे पोर्तुगीज आले, खाडीकाठी त्यांचा लहानसा किल्ला उभा राहिला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला. त्यानंतर इंग्रज आणि आगगाडी. शाळकरी इतिहास येथे संपतो. ज्यांची वस्ती आजही तालुक्यात दोन तृतीयांशांहून अधिक आहे, त्या आदिवासींचा त्यात उल्लेखही नसतो.

तो इतिहास आम्हांस अन्यत्र सापडला, आणि सांगण्यास संकोच वाटतो, तो घरातच सापडला. आमचे आजोबा एका जंगल ठेकेदाराकडे दिवाणजी होते. आजोळचे घर विकताना मामांनी त्यांची एक खातेवही आमच्या स्वाधीन केली. अक्षर मोत्यासारखे. पानोपानी नाव, रक्कम, अंगठा. आणि कित्येक नावांपुढे एकच शब्द, 'लग्नाकरिता'. त्याचा अर्थ आम्हांस पुढे वाचनातून उमगला. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलणारा वारली त्या कर्जापोटी सावकाराच्या घरी राबे, त्याची बायकोही राबे, आणि कर्ज काही फिटत नसे. अशास 'लग्नगडी' म्हणत. शिवाय वेठबिगार होतीच. जमिनी वारल्यांच्याच, कर्जाच्या मार्गाने त्या सावकारांच्या व जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या.

१९४५ साली टिटवाळ्याच्या किसान परिषदेस काही वारली गेले. त्यानंतर मे महिन्यात झरी येथे त्यांचीच परिषद भरली आणि वेठ करणार नाही, असा निर्धार झाला. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर हे त्या लढ्याचे पुढारी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे त्यात मरण पावले. गोदावरीबाईंनी हा सारा वृत्तान्त 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिला असून त्यास १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमचे आजोबा या काळाविषयी बोलत, तेव्हा 'वारल्यांचे बंड' एवढेच म्हणत. ते वाईट नव्हते, हे आम्ही नातवाच्या मायेने म्हणतो. वही त्यांच्या हातची आहे, हेही तितकेच खरे.

आता पडद्यांविषयी. वारल्यांच्या लग्नात सवाष्णी घराच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणजे ज्या लग्नापायी माणूस जन्माचा गहाण पडे, त्याच लग्नाचे हे चित्र. आपण ते पडद्यांवर व चहाच्या कपांवर छापतो. तारप्याभोवती फिरणारी नर्तकांची वळणदार रांगही त्यांचीच. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात होते (आमच्यासारख्या सरकारी नोकरास याचा थोडा अभिमान वाटतो). त्यांनी १९७० नंतरच्या वर्षांत ही कला बाहेरच्या जगापुढे आणली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर उतरविली; २०११ साली ते पद्मश्री झाले आणि २०१८ साली निवर्तले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी केलेले कार्य तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

१९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. त्याच तालुक्यातील वाढवण येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमार व आदिवासी यांचा त्यास दीर्घकाळ विरोध आहे. शासकीय सेवेत असल्याने आम्ही यावर अधिक बोलणे उचित नव्हे. श्रोत्यांनी आमचे मौन समजून घ्यावे.

मागील महिन्यात सरदारजी पुन्हा आले. या वेळी आम्ही त्यांना सर्व सांगितले, वहीही दाखविली. या शहरासाठी ज्यांची शेते गेली, त्या गावांपैकी एका गावचे ते. ते बराच वेळ अंगठ्यांवरून नजर फिरवीत राहिले. मग त्यांनी विचारले, "इनमें से किसी का घर अब भी वहाँ होगा?" गावांची नावे वहीत आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही डहाणूस जाणार आहोत, आणि जाताना ती वही बरोबर नेणार आहोत.