जिभेचा व्रण आणि मानेतील ग्रंथी



जिभेच्या कडेला वाटाण्याएवढा कर्करोगाचा व्रण आहे. मान चाचपली तर गाठ हाताला लागत नाही. अशा रोग्याच्या मानेतील ग्रंथी आताच काढाव्यात की वाट पाहावी, हा वाद वैद्यकात कित्येक वर्षे चालला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने चिठ्ठ्या टाकावे तसे रोग्यांचे दोन गट पाडून तो कसाला लावला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी हयात राहण्याचे प्रमाण ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५.

निकाल लागला खरा, पण अशा दहांपैकी सुमारे तिघांच्याच ग्रंथींत रोग दडलेला असतो. उरलेल्या सातांची मान व्यर्थ उघडली जाते, आणि काहींचा खांदा पुढे पूर्वीसारखा उचलत नाही.

मग ते तिघे कोण, हे त्या व्रणालाच विचारता येईल काय? तो किती मिलिमीटर खोल रुजला आहे, हे पुष्कळ सांगून जाते. दुसरी वाट प्रथिनांची. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी सांधून ठेवते, भिंतीतल्या चुन्यासारखे. (तंबाखूबरोबरच्या चुन्याशी गल्लत नको!) ते उणावले की पेशी सुटून भटकू लागतात. मात्र अशा एका खुणेने चुकून अभय दिले, तर किंमत खांद्याने नव्हे, प्राणाने द्यावी लागते. म्हणून अनेक खुणा एकत्र वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत. आज तरी शस्त्रवैद्याची भिस्त प्रामुख्याने खोलीच्या मापावर आहे.