कानातली मराठी आणि हुंकार



भाषेच्या सभेत इअरबड्सवर बोलणे काहींना अवांतर वाटेल. पण आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठीचा व्यवहार डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक चालतो, आणि त्या कानांत आज काय शिरते आहे हे पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी जिल्ह्याविषयी थोडे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ आणि चंद्रपूर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे भाग आमच्या जिल्ह्यातून पलीकडे गेले. आदिलाबाद, बेला, जैनथ इकडे राहिले. घरी मराठी, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी, बाजारात हिंदी-दखनी आणि शेजारच्या गुड्यावर गोंडी, अशा चार भाषांत आमचे मूल वाढते. त्याला मराठी समजते, बोलताही येते. पण मराठीचे पान समोर ठेवले की ते अडखळते, कारण शाळेत त्याने ती लिहिली-वाचलेलीच नसते. अशा मुलाची मराठी कानातच असते.

मी मराठी शिकवतो आणि रोज सकाळी आदिलाबादच्या इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर तासभर चालतो. गेली दोन वर्षे चालताना कानात बड्स असतात. मराठी पुस्तक विकत आणायचे तर मला नांदेड गाठावे लागते. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले, त्यात मराठी पुस्तके ऐकायला मिळू लागली. पुढे इतरांनीही मराठीत ऐकण्यासारखे पुष्कळ काही आणले. आज मैदानाला चार फेऱ्या मारीपर्यंत एखादे प्रकरण ऐकून होते. ज्यांना देवनागरी वाचायचा सराव नाही अशा माझ्या विद्यार्थ्यांनी मराठी कादंबऱ्या ऐकून पुऱ्या केल्या आहेत. या यंत्राचे हे उपकार मी मोकळेपणाने मानतो.

वापरताना काही गोष्टी कळत गेल्या, त्याही सांगतो. बड्सबरोबर रबरी टोप्यांचे लहान-मोठे जोड येतात. बहुतेक लोक बसवून आलेलीच टोपी ठेवतात. ती सैल असली तर घाम आला की बड घसरतो, खर्जाचा आवाज निसटतो, आणि मग माणूस आवाज वाढवत जातो. दुसरे, ब्लूटूथची लहर शरीरातून नीट पार होत नाही. घरात ती भिंतींवर आपटून कानापर्यंत पोचते. मोकळ्या मैदानावर भिंती नसतात, म्हणून घरी नीट चालणारा आवाज नेमका तिथे तुटतो. फोन खिशातून काढून वर, दंडाला बांधला की बहुधा काम भागते. तिसरे, आवाजाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. आवाज ९० वर नेला तर आठवड्याला फक्त ४ तास. रस्त्यावर चालणाऱ्याने एक कान मोकळाच ठेवावा. मागून येणारी लॉरी आपल्या कादंबरीसाठी थांबत नाही.

आता मुद्द्याचे. कान नीट बंद झाला की दोन आवाज मोठे होतात: आपल्याच पावलांचा धपधप आवाज आणि आपला स्वतःचा बोलण्याचा आवाज. हाडांतून येणारा हा आवाज बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. बड्स घालून बोलणे नकोसे वाटते ते यामुळेही. ऐकण्याचे हे यंत्र माणसाला आपसूक गप्प करते.

स्टेडियमवर पूर्वी फेरी मारताना कोण कोणत्या भाषेचे हे लांबून कळायचे. पुढची जोडी तेलुगूत पावसावर बोलायची, मागची उर्दूत मुलीच्या लग्नावर, आणि बाजूने कुणी मराठीत कापसाचा भाव विचारायचे. आता बरेच जण मुक्याने चालतात. एखाद्याच्या कानात मराठी कीर्तन चालू असते, पण शेजारून जाणाऱ्या मराठी माणसाला त्याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे ऐकणे हे कधी एकट्याचे काम नव्हते. आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची, कारण ऐकणाऱ्याचे 'हं' हा गोष्टीचाच भाग होता. कीर्तनकाराला टाळकऱ्यांची साथ लागते. आमच्या डोंगरांतले परधान किंगरी वाजवून गोंड कुळांच्या कथा गातात, त्या त्या कुळातल्या माणसांसमोर. यातल्या अनेक परधानांची घरची बोली मराठी आणि गाण्याची भाषा गोंडी. रेडिओ आला तेव्हाही परभणी किंवा नागपूर केंद्र लागले की अंगण भरायचे आणि बातम्यांवर तिथल्या तिथे वाद व्हायचा. यंत्र तेव्हाही होते, पण ऐकून झाल्यावर बोलणेही होते. कानातल्या पुस्तकाला हुंकार लागत नाही. आपण झोपी गेलो तरी ते पुढे वाचत राहते.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. कानात येणारी मराठी कोणाची असते? बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षातली. ती स्वच्छ, शुद्ध, ऐकायला गोड. आमच्या घरची मराठी वऱ्हाडीच्या अंगाची. तिच्यात 'मले', 'तुले', 'कायले', 'काहून' आहे, शिवाय तेलुगू आणि उर्दू शब्द सहज मिसळलेले. बेला भागातली माझी एक विद्यार्थिनी वर्षभर मन लावून मराठी पुस्तके ऐकत होती. तिचे उच्चार सुधारले, शब्द वाढले. मला आनंद झाला. मग तिनेच एकदा सांगितले की ती आता आजीला दुरुस्त करते: "मले नाही आजी, मला म्हण." आजी काय म्हणते, असे मी विचारले. म्हणाली, "आजी आता माझ्याशी कमी बोलते."

मित्रहो, या घरात मराठी वाढली की घटली? मुलीच्या तोंडी एक मराठी आली आणि आजीच्या तोंडची दुसरी मराठी मिटली. शाळेने जी भाषा या मुलीला कधी शिकवली नाही, ती तिला आजीने दिली होती. पुस्तकातली मराठी समजण्याइतका तिचा कान तयार झाला, तोही त्या 'मले-तुले'वरच. दोष मुलीचा नाही, ऐकवणाऱ्यांचाही नाही. तिच्या कानात आजीसारखी बोलणारी एकही मराठी कधी आली नाही, एवढेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या फोनवर आपण ऐकतो, त्याच फोनवर ध्वनिमुद्रणही करता येते. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांची, त्यांच्या परवानगीने, पाच-पाच मिनिटांची बोलणी मुद्रित करावीत. कापूस वेचणीचे दिवस, पैनगंगेचा पूर, पोळ्याची तयारी, पलीकडच्या गावी झालेले लग्न. बोलणाऱ्याला दुरुस्त करू नये. मुद्रण करणाऱ्याने मध्ये मध्ये 'हं' म्हणावे आणि तो हुंकार कापून टाकू नये. शिक्षकांनी प्रमाण मराठीच्या उताऱ्याबरोबर यातला एक उतारा वर्गात ऐकवावा, आणि 'मला' व 'मले' ही एकाच घरातली दोन रूपे आहेत हे व्याकरणाच्या तासाला सांगावे. परीक्षेत कोणते लिहायचे हे मुलांना पाच मिनिटांत समजते. घरी कोणते बोलायची लाज वाटू नये, हे समजावायला वर्ष लागते.

त्या विद्यार्थिनीला मी पहिले मुद्रण आजीचेच करायला सांगितले आहे. तिने घरी विचारले तेव्हा आजी म्हणाली, "माझं बोलणं कोण ऐकते माय?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. बड्स आपल्यापाशी आहेत, सकाळची फेरीही आहे. त्यातल्या एका फेरीपुरते आजीचे बोलणे कानात घ्यावे, आणि घरी परतल्यावर बड्स डबीत ठेवून तिच्यासमोर बसून हुंकार द्यावा.