रंगीत कागदाची टोपली आणि रुग्णसेवेचा हिशेब

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



सालाबादप्रमाणे जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती दिले आहे. त्यातील एका लहानशा नोंदीविषयी मी आज बोलणार आहे. व्यवसायोपचार विभागाच्या साहित्यखर्चात जाड कागद, रंग, डिंक आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे अशी बाब आहे. रुग्णालयाला चिमटे कशाला हवेत, असा प्रश्न अर्थ समितीच्या बैठकीत निघाला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर प्रत्यक्ष पाहून द्यावे, म्हणून या विभागाने भरविलेल्या टोपली-विणकामाच्या कार्यशाळेत मी दोन दिवस रुग्ण व त्यांच्या नातेवाईकांसमवेत बसलो.

पहिल्या दिवशी केवळ कागद रंगविला. रंग दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो. एकाच बाजूने दिल्यास वाळताना कागद वळतो. रंगाच्या थरांमुळे कागदाला ताठपणा येतो व तो लवकर फाटत नाही. बांबूच्या कामट्या वापरल्या, तर कूस लागण्याचे भय असते आणि ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांना ती इजा कळतही नाही. वेत भिजवून मऊ करावा लागतो व वाकविण्यास जोर लागतो. दुबळ्या हाताला कागद सोसतो, म्हणून त्याची निवड.

दुसऱ्या दिवशी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या. आठ उभ्या व आठ आडव्या पट्ट्या एक आड एक गुंफल्या की चार इंचांचा चौरस तळ तयार होतो. चारही बाजूंची टोके वर दुमडली म्हणजे बत्तीस उभ्या पट्ट्या होतात. मग एकेक आडवी पट्टी भोवती फिरवून तिची टोके जोडायची. मागच्या फेरीत जी उभी पट्टी बाहेर होती, ती पुढच्या फेरीत आत गेली पाहिजे. उभ्या पट्ट्यांची संख्या विषम असती, तर एकच लांब पट्टी गोल गोल नेता आली असती. सम संख्येत प्रत्येक फेरीचा हिशेब स्वतंत्रपणे मिटवावा लागतो. विणलेली फेरी सुटू नये म्हणून तिला चिमटे लावतात. ते चिमटे दाबून उघडणे हाच अंगठा व तर्जनीचा व्यायाम. एका हाताने टोपली धरून दुसऱ्याने पट्टी ओवताना दोन्ही हातांना एकमेकांची साथ करावी लागते; शिवाय तोल सांभाळून बसणे आणि मोजणे आलेच.

माझ्या शेजारी पक्षाघाताने उजवा हात दुबळा झालेले एक गृहस्थ व त्यांच्या पत्नी होत्या. काकांच्या बोटांतून पट्टी निसटली की काकू ती चटकन उचलून स्वतःच ओवीत. घरीही त्याच घास भरवीत, गुंड्या लावीत. आमच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ ताई त्यांना हळूच म्हणाल्या, ‘‘काकू, तुमचे हात जरा मांडीवर ठेवा. काकांना वेळ लागू दे.’’ काकूंनी हात मांडीवर ठेवले, परंतु त्यांचे डोळे भरून आले. आपल्या माणसाची धडपड नुसती पाहत राहणे ही मोठी कठीण सेवा आहे. बऱ्याच वेळाने पट्टी आत गेली. काकांनी काही न बोलता दुसरी उचलली.

उपस्थित नातेवाईकांना माझे एवढेच सांगणे आहे. पक्षाघातानंतर हात पुन्हा कामाला लागण्यासाठी तीच हालचाल, एखाद्या खऱ्या कामात, अनेकवार करावी लागते. मायेपोटी आपण ते काम हिरावून घेतले, तर ती संधी जाते.

व्यवसायोपचार म्हणजे रुग्णाला धंदा शिकविणे, असा समज आढळतो. येथे व्यवसाय म्हणजे माणसाची नित्याची कामे: जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, स्वयंपाक करणे. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना बरे होण्याच्या काळात टोपल्या विणण्याचे काम देत असत. आपल्या देशात या विषयाच्या शिक्षणाचा आरंभ १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला, तो जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा दहा संस्थापक राष्ट्रांत भारत होता. आज या शास्त्राची साधने पुष्कळ वाढली आहेत. टोपली हे त्यांपैकी एक. टोपली सुबक झाली की नाही, याला महत्त्व नाही. ज्या बोटांनी चिमटा उघडला ती उद्या सदऱ्याची गुंडी लावतील काय, हे पाहायचे असते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे आकड्यांना बगल देणार नाही. या विभागाची जमा त्याच्या खर्चाहून कमी आहे आणि नजीकच्या काळात ती वाढेल असे आश्वासन मी देत नाही. येथील खरा खर्च कागदाचा किंवा चिमट्यांचा नसून प्रशिक्षित माणसाच्या वेळेचा आहे. आज एकच तज्ज्ञ असल्याने अंतररुग्णांचे काम आटोपल्यावरच घरी गेलेल्या रुग्णांना वेळ देता येतो. घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ज्याला नियमित यायला हवे, त्याला पुढची तारीख द्यावी लागते. हात मात्र तारखेची वाट पाहत नाही; न वापरलेला हात आखडत जातो.

यंत्रासाठी देणगी मिळणे त्या मानाने सोपे असते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते व ते अभ्यागतांना दाखविता येते. दुसऱ्या तज्ज्ञाच्या वेतनासाठी दिलेली देणगी अशी दिसणार नाही. तरीही या विभागाचा खर्च कमी न करता दुसऱ्या तज्ज्ञाचे पद मंजूर करावे, अशी विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे. आणि त्या पदाचा एक वर्षाचा, एक महिन्याचा, निदान एका आठवड्याचा भार उचलावा, अशी दात्यांना प्रार्थना आहे. मिळालेल्या रकमेचा स्वतंत्र हिशेब ठेवून पुढील अहवालात सादर केला जाईल.

रुग्णांनी केलेल्या टोपल्या सभागृहाच्या दाराशी मांडल्या आहेत. काही जराशा कललेल्या आहेत. जाताना त्या अवश्य पाहाव्यात. त्या विक्रीसाठी नाहीत. ज्याची त्याची टोपली त्याच्याबरोबर घरी जाणार आहे.