नकाशातील तळी



भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, एका इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांत आपल्या हैदराबादभोवती निळे ठिपके विखुरलेले दिसतात. ही बहुतेक बांधलेली तळी. वरचे भरले की पाणी ओढ्याने खालच्यात उतरे. तेलुगूत मोठ्याला ‘चेरुवु’, लहानाला ‘कुंटा’ म्हणतात. मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर, १९१२ ते १९१५ या काळात लिओनार्ड मन्न यांनी केलेल्या शहराच्या नकाशांत तर घराघराची रेघ आहे.

मी भाषेचा माणूस, माझी नजर नावांवर जाते. ‘मासाब टँक’ म्हणजे मूळचा ‘माँ साहेबा’ तलाव, हयात बक्षी बेगमेच्या नावाचा. पाणी गेले, नाव बसच्या पाटीवर राहिले.

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री आमच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि माझ्या टिपणवह्यांची दोन कपाटे भिजून गेली. पुढे तो जुना नकाशा उघडला, तर आमची गल्ली निळ्या रंगात! घर घेताना दाखविलेल्या आराखड्यात तळे नव्हते, हे खरे. परंतु वसाहतीच्या नावातील ‘कुंटा’ हा शब्द मी तीस वर्षे पत्त्यात लिहीत होतो, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता.