केरी जेम्स मार्शल यांची प्रदर्शने

ज्या संग्रहालयांच्या भिंतींवर कृष्णवर्णीय मनुष्य क्वचितच दिसे, त्याच भिंतींवर त्याला सन्मानाने स्थानापन्न करण्याचे व्रत 1955 साली अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले चित्रकार केरी जेम्स मार्शल यांनी घेतले. 1997 साली जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली; परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा संपूर्ण आवाका प्रत्ययास आला तो 2016 साली शिकागोत भरलेल्या आणि पुढे न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथे गेलेल्या ‘मास्ट्री’ या सिंहावलोकनी प्रदर्शनात. त्यांच्या चित्रांजवळ जाऊन पाहावे, तो काळा रंग एकच नाही: एक हस्तिदंती, एक काजळीचा, एक लोहजन्य, आणि त्यांत कोठे निळी तर कोठे हिरवी झाक मिसळलेली. हा रंगविचारच, माझ्या मते, त्यांच्या कलेचा गाभा होय. न्यूयॉर्कच्या मुक्कामी तर मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या भांडारातून स्वतः निवडलेल्या कलाकृतीही त्यांनी स्वतःच्या चित्रांसमवेत मांडल्या.