नाव कोणाचे लिहायचे?

(सभागृहातील गौरवभिंतीच्या प्रस्तावावर उपसमितीच्या वतीने सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभागृहाची दुरुस्ती झाली आणि रंगमंचाच्या उजव्या हाताची भिंत मोकळी राहिली. तिथे इंदूरच्या नामवंत खेळाडूंची आणि गायक-वादकांची नावे लावावीत, परदेशात 'हॉल ऑफ फेम' असते तसे काहीतरी आपल्याकडेही व्हावे, अशी सूचना आली आणि नावे गोळा करायचे काम आम्हां तिघांवर सोपवले गेले. आम्ही पेटी ठेवली. चिठ्ठ्या भरपूर आल्या. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, लतादीदी, उस्ताद अमीर खाँ ही नावे अपेक्षित होती. पण एका चिठ्ठीवर 'बैजू बावरा' असे नाव निघाले आणि दुसरीवर 'कट्यारमधले खाँसाहेब'! आधी आम्ही हसलो. मग विचार करू लागलो, आणि खरे सांगायचे तर त्या दोन चिठ्ठ्यांनीच आमचा सगळ्यात जास्त वेळ घेतला.

ज्या प्रकारच्या दालनाची आपण नक्कल करू पाहतो, त्यातले सर्वांत नावाजलेले अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहानशा गावी आहे. ते बेसबॉलचे. पहिली निवड १९३६ साली झाली, त्यात टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅगनर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन असे पाच जण होते. इमारत उघडली १९३९ साली. नियम कडक. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षे व्हावी लागतात, आणि वर्षानुवर्षे बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांपैकी ७५ टक्क्यांनी मत द्यावे लागते. आपल्या कार्यकारिणीच्या निवडणुकीला हा नियम लावला तर खुर्च्या रिकाम्याच राहतील!

पण हे दालन कूपर्सटाउनलाच का? तर १९०७ साली एका समितीने निर्णय दिला की ॲबनर डबलडे नावाच्या गृहस्थाने १८३९ साली याच गावात बेसबॉल शोधून काढला. आधार काय, तर एका वृद्ध माणसाने लहानपणच्या आठवणीवरून लिहिलेली पत्रे. इतिहासकारांनी पुढे ही कथा पार मोडीत काढली. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होता. तो पुढे सेनापती झाला, पण बेसबॉल आपण शोधल्याचा शब्द त्याने मागे ठेवलेला नाही. तरीही त्या कथेची शंभर वर्षे धरून १९३९ साली दालन उघडले, मंदीने गांजलेल्या गावाला पाहुणे मिळाले, आणि आजही लोक तिथेच जातात. आम्हांला गंमत वाटली ती पुढेच आहे. ज्याच्या नावाने हे सारे उभे राहिले, त्या डबलडेचा फलक मात्र दालनात नाही. गाव कथेवर चालले तर चालू दे, पण भिंतीवर नाव लिहायचे ते खेळलेल्याचे, एवढी शुद्ध त्यांनी ठेवली.

फलकावर काय लिहायचे हेही सोपे नसते. गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांत विसाव्या शतकात पहिला कृष्णवर्णीय म्हणून उतरलेला जॅकी रॉबिन्सन १९६२ साली निवडला गेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे फलकावर फक्त खेळातली कामगिरी होती. २००८ साली तो फलक बदलून त्याने कोणती भिंत पाडली हे त्यावर आणले गेले. १९७१ साली सॅचेल पेज या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या महान गोलंदाजाला, त्यांच्या भाषेत पिचरला, घ्यायचे ठरले तेव्हा प्रथम सांगितले गेले की अशा खेळाडूंसाठी निराळा विभाग राहील. लोक संतापले आणि तो बेत सोडावा लागला. वेगळ्या पंगतीत बसवून केलेला मान तो कसला मान?

आता संगीताकडे. क्लीव्हलँडमध्ये रॉक संगीताचे असेच दालन आहे. त्याची पहिली निवड १९८६ साली झाली, तर इमारत १९९५ सालची. पहिली ध्वनिमुद्रिका निघून पंचवीस वर्षे झाली की कलावंताचा विचार होतो. पण ध्वनिमुद्रिकेवर ज्याचे नाव आहे तो कलावंत मुळात अस्तित्वातच नसेल तर? हा प्रश्न थट्टेचा नाही. १९६९ साली अमेरिकेत एक गाणे पहिल्या क्रमांकावर गेले ते 'द आर्चीज' या बँडचे, म्हणजे कॉमिक्समधल्या आर्चीच्या चित्रातल्या मित्रमंडळींचे. खरा गळा होता रॉन डँटे या गायकाचा. त्याच्याही आधी १९५८ साली रॉस बागडासेरियन याने टेपचा वेग वाढवून तीन खारींचा आवाज काढला आणि त्या 'चिपमंक्स'नी पुढच्याच वर्षी ग्रॅमी पारितोषिके मिळवली. १९८४ सालच्या एका विनोदी चित्रपटासाठी रचलेला 'स्पायनल टॅप' हा खोटा बँड तर इतका लाडका झाला की त्यातल्या नटांनी पुढे खरोखरीच्या मैफली केल्या, १९९२ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येसुद्धा. हॉलिवूडच्या पदपथावर कलावंतांच्या नावाचे तारे बसवतात, तिथे मिकी माउसचा तारा १९७८ पासून आहे, चिपमंक्सचा २०१९ पासून.

अमेरिकन लोकांना हसण्याआधी आपण आपल्या घरात बघू. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. त्यातले ते गूढ गाणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानात आहे. त्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी म्हणजे मधुबालाने रंगवलेले पात्र! जी कुठे नव्हती तिचे नाव तबकडीवर, आणि जिने गायले ती वीस वर्षांची मुलगी बेनाम. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रे पाठवली की ही बाई कोण. रेडिओवाल्यांना कंपनीकडे विचारणा करावी लागली, तेव्हा नाव बाहेर आले. ती मुलगी २८ सप्टेंबर १९२९ रोजी आपल्या इंदुरात जन्मली होती. लता मंगेशकर.

पुढची हकीकत अधिक महत्त्वाची. फिल्मफेअरची पारितोषिके सुरू झाली तेव्हा संगीतकाराला होते, गायकाला नव्हते. 'चोरी चोरी'च्या संगीताला पारितोषिक मिळाले आणि समारंभात लतादीदींनी गावे असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला. पारितोषिक तुमच्या चालीला आहे, गळ्याला नाही, तर वाद्यांवर वाजवून घ्या, अशा अर्थाची त्यांची भूमिका होती. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले 'मधुमती'साठी त्यांनाच मिळाले. आपल्या कर्तबगारीवर आपलेच नाव असावे, एवढ्या साध्या मागणीला त्या काळी भांडावे लागले, ही गोष्ट आपल्या भिंतीपुढे उभे राहताना विसरता येत नाही.

आता बैजू. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी रागावू नये, पण १९५२ सालच्या 'बैजू बावरा'त नौशादसाहेबांनी देसी रागात बांधलेली जी जुगलबंदी आहे ती आठवा. दरबारात बैजू आणि तानसेन गातात आणि तानसेन हरतो. पडद्यावर भारत भूषण आणि सुरेंद्र. गळे कोणाचे? बैजूचा गळा पं. द. वि. पलुसकरांचा, आणि तानसेनचा गळा इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा. म्हणजे आमचाच माणूस हरला, तोही कथेची गरज म्हणून! पलुसकर त्यानंतर तीनच वर्षांत, ऐन उमेदीत गेले. बैजूबद्दल आख्यायिका पुष्कळ आणि खात्रीचे कागद थोडे. तानसेनाचे तसे नाही, त्याची समाधी ग्वाल्हेरला आहे, तिथे दरवर्षी समारोह होतो. आमचे म्हणणे असे की बैजूची चिठ्ठी फाडू नये. तिच्या जागी पलुसकर आणि अमीर खाँ ही दोन नावे शेजारी शेजारी लिहावीत. अर्थात पलुसकर इंदूरचे नव्हेत, त्यावर वाद होईल. होऊ द्या. जुगलबंदीतला एकच गळा लिहिता येत नाही.

'कट्यार'चेही तेच. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली आले, संगीत अभिषेकीबुवांचे, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. वसंतराव इतके खाँसाहेब झाले की लोक पात्राला भेटायला यायचे म्हणा ना. २०१५ च्या चित्रपटात चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गाणे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचे. खाँसाहेब एकच, पण त्यांच्या पोटात किती माणसे आहेत! पात्राचे नाव भिंतीवर लावले की ही सगळी त्याच्याआड जातात.

क्रिकेटवर आमच्या तिघांत एकमत व्हायला वेळ लागला. काही चिठ्ठ्यांवर स्पष्ट लिहिले होते, 'मंडळ मराठी, भिंत मराठी, नावेही मराठीच'. भावना समजते. चार पिढ्या इथे राहून आपली मुले घरात 'अरे यार, मी आत्ताच येऊन राहिलो आहे' असे बोलतात, तेव्हा काहीतरी जपावेसे वाटणारच. पण १९४५-४६ चा रणजी सामना घ्या. होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतके झाली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, सी. के. नायडू आणि प्रताप सिंह. यातली चार नावे मराठी. मग भिंतीवर काय, सहांतली चारच शतके लिहायची? होळकरांनी चार वेळा रणजी करंडक जिंकला तो आडनावे बघून नव्हे. नायडू नागपूरला जन्मले, घराणे तेलुगू, आणि देह ठेवला इंदुरात. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार. मुश्ताक अलींनी १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा काढल्या, परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. यांना निराळा विभाग देऊन बाजूला बसवणे म्हणजे सॅचेल पेजची गोष्ट इथे पुन्हा करणे. (एका गृहस्थांनी विचारले, मग महूच्या छावणीत असताना होळकरांकडून अंतिम सामन्यात नाबाद २४९ करणारा डेनिस कॉम्प्टनही का? आमचे उत्तर तयार आहे. का नको?)

भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव आमच्या यादीत वर आहे. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक नऊ धावांवर होता, आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. एवढा मोठा फलंदाज एकही कसोटी खेळला नाही. आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये विनू मंकडांनादेखील निधनानंतर त्रेचाळीस वर्षांनी, २०२१ साली जागा मिळाली. जे मोठ्या दालनांच्या नियमात बसत नाहीत त्यांच्यासाठी आपल्यासारख्यांची भिंत हवी.

भिंत कधी रंगवायची याचाही अनुभव या गावाला आहे. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकली, आणि इंदूरने उत्साहात सिमेंटचा भलामोठा 'विजय बल्ला' उभा केला. १९७४ साली लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० ने गेली, आणि त्याच बल्ल्याला लोकांनी काळे फासले. तीन वर्षे! म्हणून आम्ही सुचवतो की कोणाचेही नाव खेळ किंवा गाणे थांबल्यानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय विचारात घेऊ नये. ताज्या विजयासाठी फटाके आहेतच.

आता प्रस्ताव. प्रत्येक पाटीवर नावाखाली कामगिरी, ठिकाण आणि साल. साथीदाराशिवाय जे झाले नसते तिथे साथीदाराचेही नाव. १९४६ साली ओव्हलवर सरे संघाविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या जोडीने २४९ धावांची भागी केली, दोघांचीही शतके झाली. तिथे 'सरवटे' एवढेच लिहून भागणार नाही. तसेच गायकाबरोबर तबलजीचे आणि तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचे. पात्रांची नावे नाहीत. देणगीदारांची नावे प्रवेशद्वाराशी, या भिंतीवर नाहीत, यावर आम्ही तिघे ठाम आहोत, देणगी कमी आली तरी.

आणि पुरावा हवा. आपल्या घराघरांत जुन्या धावफलकांच्या वह्या आहेत, गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कार्यक्रमपत्रिका आहेत, कुठे माळ्यावर तबकड्या असतील. तबकडीवरचे नाव आणि आतला आवाज एकच आहे का, तेही बघू. अनंत चतुर्दशीपर्यंत संध्याकाळी सहा ते आठ आम्ही कार्यालयात बसतो आहोत. मूळ कागद देऊ नका, तिथेच फोटो काढून परत करू. निवडीचे मतदान कोजागिरीच्या सभेत होईल, आणि तीन चतुर्थांश मते लागतील.